थंड आणि मोकळी जागा

भित्र्या माणसाची टिंगल कशी करावी हे आमच्या रिसोडात कोणाला शिकवावं लागत नाही. सरवरीची तर सगळ्या पेठेने केली, आणि तोंड दुखेपर्यंत केली. ती बाई फुटण्याला भ्यायची. बाटली फुटेल, यंत्र फुटेल, चुलीवरचं मडकं फुटेल. हसणाऱ्यांनी आधी तिच्या नवऱ्याचा डावा डोळा पाहायला हवा होता. पण हसणारे लोक इतक्या जवळ जाऊन कशाला पाहतील?

तिचा नवरा म्हणजे बदरुद्दीन सोडावाला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. बदरुद्दीनचा कारखाना म्हणजे पेठेच्या टोकाला एक टिनाची शेड, तिच्यात हाताने फिरवायचं एक यंत्र आणि गोटीच्या बाटल्यांचे लाकडी खोके. धाकटा भाऊ दिलावर यंत्राचा दांडा फिरवायचा आणि बदरुद्दीन बाटल्या भरायचा. सोड्यात कोंडायची हवा तो घरीच काढी, शिशाच्या भांड्यात तेजाब आणि खडूची भुकटी एकत्र करून. अशीच एक बाटली भरता भरता हातात फुटली आणि काच डोळ्यात गेली. दवाखाना झाला, पट्ट्या झाल्या, पण त्या डोळ्याला पुन्हा काही दिसलं नाही.

बदरुद्दीन मोठा गमत्या माणूस. कोणी डोळ्याचं विचारलं की म्हणायचा, "एक डोळा सोड्याले देल्ला, दुसरा बायकोसाठी ठेवला." लोक हसायचे, तोही हसायचा. शेडच्या मागेच घर होतं आणि मधे एकच भिंत. भिंतीपलीकडे सरवरी भाकरी थापत असायची. शेडमधे जरा मोठा आवाज झाला की तिचा हात परातीतच थांबायचा, आणि नवऱ्याचं खाकरणं ऐकू आल्याशिवाय पुढची थाप पडायची नाही. तव्यावरची भाकरी करपायची. दिलावर करपलेली भाकरी उचलून म्हणायचा, "भाभी, आज कोनती बाटली फुटली?" घरात ती माणसं आपसात हिंदीच बोलत, मी आपल्या बोलीत सांगतो.

त्या उन्हाळ्यात बदरुद्दीनने एका मुंबईच्या कंपनीकडून कोंडलेल्या हवेचं सिलिंडर मागवलं. वाशिमपर्यंत ते आगगाडीने आलं आणि पुढे गुलाबसिंगच्या बैलगाडीत, कडब्याच्या पेंढ्यांवर निजून. सोबत कंपनीचा माणूस होता. पुण्याकडचा, गोरा, वैशाखात कोट घातलेला. अर्धी पेठ गोळा झाली. ते लांबलचक लोखंडी धूड पाहून कोणी म्हणालं तोफ आहे, कोणी म्हणालं इंजिनाचा तुकडा. शेजारची सोजरबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून गाडीजवळच उभी राहिली. ती एकटीदुकटी शेतकरीण, तिची पाठची वाडी आणि बदरुद्दीनचं अंगण एकमेकांना लागून, मधे कुंपण असं नव्हतंच.

कोटवाल्याने लोकांना मोठी मौज दाखवली. सिलिंडरची चावी त्याने किंचित फिरवली, आणि फुस्स करून पांढरा धूर निघाला. तोंडापुढे धरलेल्या फडक्यात चक्क बर्फाची भुकटी जमली. गुलाबसिंगने बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग कोटवाल्याने काडी पेटवून त्या धुरात धरली, ती जागच्या जागी विझली. तो म्हणाला, मुंबईत गिरण्यांमधे आग विझवायला हीच हवा ठेवतात, हिचाच बर्फ करून त्यात मासळी लांब पाठवतात, आणि साहेब लोकांच्या बाटल्यांतही हीच असते. सगळे माना डोलवत होते. काडी कशी विझली याचाच अचंबा सगळ्यांना. का विझली हे कोणी विचारलं नाही.

मग त्याने सांभाळायचं कसं ते सांगितलं. आपटायचं नाही, लोळवायचं नाही. उभं ठेवून साखळीने बांधायचं. चावी हळूहळू उघडायची. "आणि मुख्य म्हणजे उन्हात नाही, चुलीजवळ नाही. थंड आणि मोकळ्या जागी ठेवायचं."

दाराच्या पडद्याआडून सरवरीने दिलावरला खुणावलं. दिलावरने विचारलं, "साहेब, तापलं तर काय होते?"

"तापलं तर दाब वाढतो. दाब फारच वाढला तर फुटेल. पण तुम्ही तापू द्यायचंच नाही."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द पडद्याआड पोचला. सरवरी त्या दिवशी जेवली नाही.

नव्या हवेचा सोडा मात्र झकास झाला. पहिल्या बाटल्या बदरुद्दीनने आल्यागेल्याला फुकट पाजल्या. सोजरबाईने जन्मात सोडा प्यालेला नव्हता. तिने मोठा घोट घेतला, ढेकर आला तो नाकातून, डोळ्यांतून पाणी. तोंड पुसत ती म्हणाली, "हे काय वो, याचा तं पेवाच्या वाफेवानी झनका येते नाकात."

पेठेला हसायला तेवढं पुरलं. रामराव तर गडाबडा लोळायचा बाकी राहिला. हा रामराव मोठ्या वावरांचा धनी. वेळ भरपूर आणि जीभ मोकाट. "घ्या, बदरुभाईच्या सोड्याले जवारीच्या पेवाचा वास," असं तो महिनाभर म्हणत होता. सरवरी मात्र हसली नाही. हसायला तिच्याजवळ जागा उरली नव्हती, तिचं सगळं लक्ष शेडच्या टिनाकडे होतं.

आणि टिन तापत होतं. वैशाखात आमच्याकडे दुपारी पाखरू दिसत नाही. बदरुद्दीन सिलिंडरला ओलं पोतं गुंडाळायचा, आणि पाणी शिंपडून मागे वळेपर्यंत ते वाळायचं. सरवरी घागरीमागून घागर ओतत होती. पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि ही लोखंडाला आंघोळ घालते म्हणून बाया कुजबुजल्या. तिला कशाचं काही नव्हतं. दुपारी सगळे आडवे झाले की ही सिलिंडरला हात लावून पाही, आणि हात पोळला की कोणाला तरी उठवी.

शेवटी तिने नवऱ्याला स्पष्टच विचारलं, "त्या कोटवाल्यानं काय सांगतलं होतं?"

"थंड आनं मोकळ्या जागी ठेवा म्हने. आता या उन्हात थंड जागा कुठून आनू?"

सोजरबाई अंगणात गोवऱ्या रचत होती. तिने ऐकलं. ती म्हणाली, "थंड पाह्यजे ना? माहं पेव हाये ना वाडीतलं. दोन साल झाले, मोकळंच पडून हाये."

पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आणि खाली पोट मात्र खोलीएवढं. त्यात ज्वारी भरून तोंड फरशीने आणि चिखलाने बंद करतात. सोजरबाईच्या पेवात ओल झिरपायला लागली म्हणून तिने ज्वारी घरात कणग्यांत आणली होती. पेव रिकामं होतं, आणि आत भर दुपारी सुद्धा गारवा.

थंड आणि मोकळं. कोटवाल्याने सांगितलेले दोन्ही शब्द जसेच्या तसे जुळले. त्याच्या मोकळ्या जागेत वारा खेळत होता आणि आमच्या मोकळ्या जागेत फक्त सामान नव्हतं, पण हे सांगायला तो माणूस रिसोडात कुठे होता? तो केव्हाच गाडीत बसून परत गेला होता. मला विचाराल तर, परमुलखात जाऊन शब्द वापरणाऱ्याने तो शब्द तिथे काय खातो-पितो हे आधी विचारावं.

दोर लावून, अल्लाचं नाव घेऊन, सिलिंडर पेवात उतरवलं. आत खुंटी ठोकून साखळीने बांधलं. तिथून तांब्याची नळी वर आणून शेडमधल्या यंत्राला जोडली. पेवाच्या तोंडावर बाभळीचं एक जाड लाकूड आडवं टाकलं आणि त्याला शिडी बांधली. सकाळी उतरून चावी उघडायची आणि संध्याकाळी उतरून बंद करायची असं ठरलं. उतरण्याआधी बदरुद्दीनने सोजरबाईला विचारलं, "मावशी, दिवा सोडाव लागते का आंधी?"

आमच्याकडे भरलेलं पेव उघडलं की आधी दोरीने दिवा आत सोडतात. दिवा विझला तर पेवात वाफ धरली आहे. मग दिवसभर ते उघडं ठेवायचं, आणि तोवर कोणी आत पाय टाकायचा नाही. दिवा न सोडता उतरून मेलेली माणसं प्रत्येक गावात एक-दोन तरी आहेत. सोजरबाई म्हणाली, "दिवा भरल्या पेवाले. वाफ धान्याची रायते. मोकळ्या पेवाले कायचा दिवा?"

ते खरंच होतं. आजवर तरी खरं होतं.

सरवरीला पहिले दोन दिवस झोप लागली. मग नवी काळजी सुरू झाली. शेडमधे असताना सिलिंडर फुटलं असतं तर माणूस निदान पळाला असता. आता नवरा त्याच्या बरोबर एका भोकात उतरतो. फुटलं तर? दगड पडला तर? तिने विहिरीचा जुना दोर काढला आणि म्हणाली, "उतरताना कमरेले बांधत जा. दुसरं टोक लिंबाले. काई झालं तं वढता तरी येईन."

"अवं, फुटल्यावर काय वढशीन? पाचोळा?"

"काई का वढीन. पन बांधा."

त्याने बांधला. पेवाजवळच्या लिंबाला दोर, दोराला बदरुद्दीन, आणि काठावर सरवरी. सकाळ-संध्याकाळ हा देखावा. वाडीतून पायवाट जात होती, येणारा-जाणारा पाहायचा. रामरावला तर आयतं सापडलं. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत त्याने विचारलं, "बदरुभाई, घरी बैल कमी पडले का? बायको तुमालेच दावं लावून राह्यली म्हन्ते."

लोक खो खो हसले. बदरुद्दीनही हसला. पण डोळ्यावर हसू देणारा माणूस दाव्यावर देत नाही. पुढच्या बाजारी तेच, त्याच्या पुढच्या बाजारी तेच. सोडा प्यायला आलेली पोरंटोरं हंबरायला लागली. मग एक दिवस बदरुद्दीनने बाटली दाणकन फळीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोनी कायले बोलते? सोडलं दावं. आता मी मोकळाच उतरतो."

ही बातमी सरवरीच्या कानावर यायला कितीसा वेळ? ती पेवाजवळ धावली तेव्हा लिंबाच्या खोडावर दोर नव्हता, नुसता घासल्याचा पांढरा वळ होता. तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पेठेत तोंड दाखवाचं का नाई मी?" ती रडली, रागावली. आणि त्याने अट घातली की तो खाली उतरला की तिने काठावर यायचं नाही. लोक पाहतात.

म्हणून ती घराच्या वाडीकडल्या भिंतीआडून ऐकायला लागली. शिडी करकरते, पाना लोखंडावर टकटकतो, मग पुन्हा शिडी करकरते. एवढे आवाज पुरे झाले की तिचा हात परातीत हलायचा. त्या बाईच्या जिवाचं काय पाणी होत असेल ते मला आजही सांगता येत नाही. भीती नुसती असती तर बरी. तिच्यावर कोणाचा विश्वास नसला की ती दुप्पट होते.

जेठ लागला तसा बदरुद्दीन वर येताना धापा टाकायला लागला. डोकं दुखतं म्हणायचा. खाली वाकून चावी फिरवली की छाती भरून येते, म्हणायचा. सरवरीने कांदा फोडून दिला, कैरीचं पन्हं दिलं. उन्हाळाच तो, कोणाचं डोकं दुखत नव्हतं? मग एके सकाळी सोजरबाईची मांजर पेवात पडली आणि तळाशी मरून राहिली. आकड्याने ती वर काढली. अंगावर जखम नाही, काही नाही. साऱ्यांनी एकमुखाने ठरवलं की पेवात साप आहे. बदरुद्दीनने काठीने कोपरे धुंडाळले. साप सापडला नाही. सापडलेल्या सापापेक्षा न सापडलेला वाईट, म्हणून सरवरीची एक काळजी आणखी वाढली.

खरा प्रकार असा, की सिलिंडरच्या चावीशी तांब्याच्या नळीचा जोड होता तो झिजत होता. हवा थोडी थोडी गळत होती. ती आपल्या साध्या हवेपेक्षा जड. वर येऊन वाऱ्यावर जायच्या ऐवजी ती तळाशीच बसायची, पाण्यासारखी साठायची. आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी. मांजर तिच्यात बुडाली, आणि उभा माणूस तिच्यात वाकला की धापा टाकायचा. हे आता कोणीही सांगेल. तेव्हा दिसत काही नव्हतं.

लग्नसराईचा शेवटचा आठवडा होता. शिरपूरच्या एका लग्नाचे खोके त्याच दिवशी जायचे होते. दुपारी यंत्र एकदम सुस्त झालं, बाटलीत जोर येईना, कारण हवा आता यंत्राऐवजी पेवातच भरत होती. दिलावर म्हणाला नळी कुठे तरी सैल झाली. बदरुद्दीनने पाना उचलला आणि पेवाकडे गेला.

सरवरीने भिंतीपलीकडून ऐकलं. शिडी करकरली. पाना टकटकला, एकदा, दोनदा. मग काहीतरी मऊ, जड पडल्याचा आवाज आला, आणि पुढे काही नाही. तिने थापलेली भाकरी तशीच हातात घेऊन वाट पाहिली. एरवी या वेळी तिला हजार वाईट गोष्टी सुचायच्या, पण आता एकही सुचली नाही. ती नुसती धावली.

काठावरून तिने हाक मारली. उत्तर नाही. आत अंधार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. दिलावर शेडमधून धावत आला आणि सरळ शिडीवर पाय टाकून आत वाकला. त्याने लगेच तोंड वाकडं करून, शिंकत, डोकं बाहेर काढलं. "भाभी, अंदर नाकात झनका येते. सोडाच सोडा भरेल हाये. पन मी जातो, दम धरून जातो."

सोडाच सोडा. सरवरीच्या डोक्यात काय झालं ते तिने पुढे कित्येकदा सांगितलं. सोजरबाईचं तोंड पुसणं तिला दिसलं. पेवाच्या वाफेवानी झनका. काडी विझली होती ती दिसली. मांजर दिसली. म्हणजे ही हवा आणि ती वाफ एकच. पेव मोकळं नव्हतंच. त्यांनी स्वतःच्या हाताने ते भरलं होतं.

तिने दिलावरचा सदरा धरला आणि सगळ्या जोराने त्याला मागे ओढलं. तो पडला. तो उठायच्या आत ती पेवाच्या तोंडावर, त्या आडव्या लाकडावर, पाय पसरून बसली. "कोनी उतरायचं नाई," ती म्हणाली. "मावशी, दिवा आना."

आरडाओरडा ऐकून माणसं जमली. रामरावही होता. दिलावर रडत होता, वहिनीला ढकलत होता. "भाभी, हट. भाई मरून राह्यला खाली."

"तू गेला तं तूही मरशीन."

रामराव ओरडला, "बाई खुळी झाली. तिकडं नवरा पडला आनं हे तोंडावर बसली. वढा रे तिले."

दोघांनी तिचे दंड धरले. तिने लाकूड सोडलं नाही. ज्या बाईने जन्म बाटलीला भिऊन काढला ती त्या घडीला दांडग्या माणसांच्या हाताला चावली. तोवर सोजरबाई दिवा घेऊन आली. म्हातारीने दोरी बांधून दिवा सरवरीच्या मांडीजवळून आत सोडला. हातभर सुद्धा गेला नसेल. ज्योत एकदा आडवी झाली आणि विझली.

दंड धरणाऱ्यांचे हात आपोआप सुटले. पेव कशाला म्हणतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आता खाली कोणी जाऊ शकत नव्हतं, आणि खाली बदरुद्दीन होता. कोणी म्हणालं घोंगडी सोडून हवा हलवा. कोणी म्हणालं आकडा आणा. मांजर काढली होती तो आकडा. ते ऐकून सरवरीच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. दोर असता तर. एवढंच तिच्या मनात होतं. दोर असता तर आतापर्यंत ओढला असता. त्या दोरावर पेठ हसली आणि नवऱ्याने तो सोडून दिला. तिला त्याचा राग आला, मरणाऱ्या माणसाचा येऊ नये एवढा राग आला.

तोल जाऊ नये म्हणून तिने लाकडाला खालून हात घातला. बोटांना काहीतरी लागलं. खरखरीत, पिळाचं. लाकडाच्या खालच्या अंगाला, वरून कोणालाही दिसू नये असं, काहीतरी बांधलेलं होतं. तिने मूठ घट्ट केली आणि ओढून पाहिलं. ते ताणलेलं होतं. खाली वजन होतं.

"वढा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की कोणाला कळलंच नाही. मग तिने स्वतःच ओढायला सुरुवात केली, आणि दोर उजेडात आला तेव्हा सगळे धावले. दिलावर, गुलाबसिंग, सोजरबाई आणि ज्याला चावली होती तो सुद्धा. रामरावने पागोटं फेकलं आणि दोराला हात घातला. श्वास धरून, तोंड फिरवून सगळ्यांनी ओढलं. आधी डोकं आलं, लोंबकळतं, मग खांदे अडकले, मग खांदे सुटले. बदरुद्दीन बाहेर आला. ओठ निळे पडलेले, चेहरा घामाने थबथबलेला.

त्याला लिंबाखाली वाऱ्यावर निजवलं. सोजरबाईने सुपाने वारा घातला. दिलावर त्याची छाती चोळत होता, दाबत होता, नाव घेत होता. सरवरी नुसती शेजारी बसली होती. तिला वाटलं, उशीर झाला. भाकरी हातात घेऊन वाट पाहिली तेवढाच उशीर झाला. मग बदरुद्दीनच्या घशातून घरघर आली, तो वाकडा झाला, ओकला, आणि छाती वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. सोजरबाई म्हणाली, "सूप कोनी घ्या वो, माहे हात गेले."

कोणीतरी दोर कापायला विळा आणला. गाठ कमरेवर आत रुतली होती, सदऱ्याच्या आतून, उघड्या अंगावर. पेठेला दिसू नये म्हणून तो शिडीच्या दोन पायऱ्या उतरून, अंधारात, सदरा वर करून दोर बांधायचा. रोज. सकाळ-संध्याकाळ. जुन्या गाठींचे काळे वळ त्याच्या कमरेवर एकावर एक दिसत होते. ते सगळ्यांनी पाहिले. रामरावने पाहिले आणि आपलं पागोटं शोधायला तो बाजूला गेला.

सरवरीने विळा लावू दिला नाही. नखांनी, दातांनी ती एकटीच गाठ सोडवत बसली. बदरुद्दीनने उजवा डोळा उघडला तेव्हा तिचं डोकं त्याच्या पोटावर वाकलेलं होतं. त्याने तिच्या केसांकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे.

"तुमी तं मोकळे उतरत होते," ती वर न पाहता म्हणाली.

त्याला बोलायला दम पुरत नव्हता. तरी भोवतीची सगळी पेठ ऐकत असताना तो म्हणाला, "बजारात मोकळा. पेवात नाई."

तिच्या हातातली गाठ सुटत आली होती. तिने ती सोडायची थांबवली आणि दोराचं टोक तसंच मुठीत धरून ती मोठ्याने रडायला लागली.